तेच भांडण पुन्हा पुन्हा: घरी काय करायचं, समुपदेशकाकडे कधी जायचं

गणपतीला कुणाच्या गावी जायचं, पगारातले किती पैसे घरी पाठवायचे, मुलाच्या अभ्यासाला कोण बसणार, रात्री साडेअकराला हातात मोबाइल कशाला. बहुतेक जोडप्यांचं एक ठरलेलं भांडण असतं. पहिलं वाक्य आलं की पुढचं दोघांनाही पाठ असतं. शेवटी एकजण आतल्या खोलीत जातो, स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करतात, आणि दोन दिवसांनी कुणीतरी "चहा घेणार का?" विचारतं. विषय होता तिथंच राहतो.

हा लेख त्या एका भांडणाविषयी आहे. ते कायमचं कसं मिटवायचं हे इथं सापडणार नाही, कारण बरीचशी भांडणं मिटणारी नसतातच. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना १५ मिनिटं त्यांच्याच मतभेदाच्या विषयावर बोलायला बसवलं, ते चित्रित केलं, नाडीचे ठोके मोजले आणि काही वर्षांनी त्याच जोडप्यांना परत बोलावलं. सुमारे ६९ टक्के वाद जसेच्या तसे शिल्लक होते, आणि ज्यांचं छान चाललं होतं त्यांच्याकडेही होते. त्यांच्यात वेगळं होतं ते एवढंच, की बोलणं सुरू करताना ते अंगावर धावून जात नव्हते आणि तापलं की त्यांना थांबता येत होतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत सुरुवात आणि थांबणं या दोन जागांना जास्त जागा दिली आहे. मधल्या भागात, म्हणजे 'बरोबर कोण' यात, कितीही वेळ घालवला तरी हाती फारसं लागत नाही.

आधी एक चाळणी

घरात मारहाण होत असेल, हात उगारला जात असेल, जोडीदाराचा मूड बघून तोंड बंद ठेवावं लागत असेल, पैसे, फोन, माहेरी जाणं यांवर पहारा असेल किंवा शरीरसंबंधाची जबरदस्ती होत असेल, तर पुढचं काहीही करू नका. अशा घरात 'दोघांनी बसून बोला' हा सल्ला घातक असतो. समुपदेशकासमोर खरं बोललं की त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. तिथं गरज असते ती संरक्षणाची: महिलांसाठी १८१, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारातून चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. त्यातला पहिला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला.

दुसरी गोष्ट व्यसनाची आणि आजाराची. दारू रोजची असेल, किंवा दोघांपैकी एकाला महिनोन्‌महिने झोप नाही, कशातच रस नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल, तर आधी त्यावर उपचार. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तिसऱ्या व्यक्तीशी संबंध चालूच असतील, तरीही खालची तंत्रं पोकळ ठरतात.

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त नोंद

वहीचं एक पान घ्या. चार रकाने: वेळ, जागा, पहिलं वाक्य, कसं थांबलं. एवढंच. कोण काय काय म्हणालं हे लिहायचं नाही, कारण तसं लिहिलं की वहीचं आरोपपत्र होतं आणि ते पुढच्या भांडणात वाचून दाखवलं जातं. नोंद एकानं ठेवली तरी चालते, पण दुसऱ्याला ते माहीत असावं.

दोन आठवड्यांनी 'वेळ' आणि 'जागा' हे दोनच रकाने आधी वाचा. पुष्कळ घरांत संध्याकाळी सात ते नऊ हा पट्टा निघतो: दोघं दमलेले, जेवण व्हायचंय, मुलांचा गृहपाठ. काही घरांत क्रेडिट कार्डाच्या बिलाची तारीख निघते, काहींत रविवारी दुपारचा गावाहून येणारा फोन. लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांनी नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की बाहेरचा ताण वाढला की माणसं जोडीदाराच्या त्याच वागण्याचा अर्थ जास्त वाईट लावू लागतात. एरवी "विसरला असेल" म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्या आठवड्यात "मुद्दाम केलंय" होते. तेव्हा भांडणांतली अर्धी एकाच तासात होत असतील, तर आधी तो तास बदला. आल्याआल्या खायला काहीतरी आणि पहिली वीस मिनिटं कुठलाही कामाचा विषय नाही, एवढ्यानं काही भांडणं न बोलता गळून पडतात.

उरलेल्यांसाठी एक कसोटी. मनात कल्पना करा की नेमका मुद्दा सुटला: भांड्यांना बाई लागली, टॉवेल दोरीवर गेला, बिल वेळेत भरलं गेलं. भांडण संपेल का? संपणार असेल, तर तो सुटणारा प्रश्न आहे. त्यावर एकदा बसून 'कोण, केव्हा, किती' हे ठरवलं की झालं. पण तेच भांडण दुसऱ्या कपड्यांत परत येणार असेल (आज टॉवेल, उद्या चपला, परवा गॅसचा नंबर लावायला विसरणं), तर तो स्वभावाचा किंवा मूल्यांचा कायमचा फरक आहे. एकाला शिस्त हवी, एकाला मोकळीक. एकाला साठवायचं, एकाला जगून घ्यायचं. असा प्रश्न 'आज याचा निकाल लावू या' म्हणून काढला की हमखास बिघडतो. त्यावर निकाल नसतो. थोडी तात्पुरती तडजोड असते, आणि तीही वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते.

दुसरी पायरी: पहिली तीन मिनिटं

सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी १९९९ मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांवरचा अभ्यास मांडला. मतभेदाच्या १५ मिनिटांच्या बोलण्यातली फक्त पहिली तीन मिनिटं घेतली, तरी पुढच्या सहा वर्षांत वेगळी होणारी आणि न होणारी जोडपी यांच्यातला फरक त्यात दिसत होता. सुरुवात जितकी बोचरी, तितका शेवट वाईट. मधे कुणी कितीही सावरायचा प्रयत्न केला तरी.

सुरुवातीच्या वाक्याचे तीन भाग ठेवा: काय घडलं, मला काय झालं, काय हवंय.

"तुला सांगून काही उपयोग आहे का? घर म्हणजे लॉज झालंय तुझ्यासाठी." ही नेहमीची सुरुवात. त्याऐवजी: "या आठवड्यात तीन दिवस तू नऊनंतर आलास आणि फोन नव्हता. मी वाट बघत बसते आणि मग चिडचिड होते. उशीर होणार असेल तर सातपर्यंत एक मेसेज टाकशील?"

किंवा दुसऱ्या बाजूनं: "आईला आपल्या घरातलं सगळं सांगितल्याशिवाय तुला घास उतरत नाही का?" याच्या जागी: "आपल्या कर्जाबद्दल आईंशी तुझं बोलणं झालं, हे मला जेवताना त्यांच्याकडून कळलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पैशांचं काही सांगायचं असेल तर आधी आपण दोघांनी ठरवू या का?"

हे वाचायला सोपं आहे. करताना कुठं चुकतं ते पाहा.

'काय घडलं' हा भाग कॅमेऱ्यात दिसेल असाच हवा. "तू बेफिकीर वागलास" हे कॅमेऱ्यात येत नाही, "तीन दिवस फोन नव्हता" हे येतं. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द आले की समोरचा मुद्दा सोडून अपवाद शोधायला लागतो ("गेल्या मंगळवारी केला होता की फोन!") आणि तो सापडतोच.

दुसऱ्या भागात 'मला वाटतं' म्हणून आरोप आत सरकवला जातो. "मला वाटतं तू आळशी आहेस" यात भावना कुठलीच नाही. भीती वाटली, एकटं वाटलं, लाज वाटली, कंटाळा आला, वाईट वाटलं: मराठीत शब्द भरपूर आहेत, फक्त ते स्वतःबद्दल वापरायची आपल्याला सवय नसते. पुरुषांच्या तोंडी बहुतेक वेळा 'राग' एवढा एकच येतो. रागाच्या खाली काय आहे हे एकदा स्वतःला विचारून मग तोंड उघडावं.

तिसऱ्या भागात लोक 'काय नको' ते सांगतात. "उशीर करू नकोस", "असं बोलू नकोस". समोरच्यानं नेमकं करायचं काय, हे त्यातून कळत नाही. मागणी करता येईल अशी आणि लहान असावी. आणि सगळं मिळून चार वाक्यांत संपवा. पाचव्या वाक्यात जुना विषय येतो, सहाव्यात त्याचे वडील येतात.

वेळ आणि जागा आधी ठरवावी लागते. "आज जेवणं झाल्यावर वीस मिनिटं बोलू या का, घराच्या हप्त्याबद्दल?" यात विषय सांगणं महत्त्वाचं. नुसतं "मला बोलायचंय" ऐकून समोरचा दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरतो आणि संध्याकाळी तयारीनिशी लढायलाच येतो. दारात पाऊल ठेवताना, रिकाम्या पोटी, प्यायल्यावर, रात्री साडेदहानंतर आणि मुलांसमोर सुरू करू नका. चारचाकीत तर नकोच: बाहेर पडता येत नाही, आणि चालवणाऱ्याचं लक्ष उडतं.

दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्यांना 'निवांत जागा' हा सल्ला म्हणजे थट्टाच वाटेल. तिथं चालायला जाणं सर्वांत चांगलं. शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, चार लोक आजूबाजूला असल्यानं आवाज आपोआप खाली राहतो, आणि सोसायटीच्या तीन फेऱ्या झाल्या की वेळही संपते. गच्चीही चालेल. व्हॉट्सॲपवर मात्र हा विषय काढू नका. लिहिलेल्या वाक्याला वाचणारा स्वतःच्या मनातला सूर लावतो, आणि दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आलं नाही हे एक नवीनच भांडण होतं. एकजण पुण्यात आणि एकजण दुबईत असेल, तर वेळ ठरवून व्हिडिओ कॉल.

तिसरी पायरी: चार सवयी ओळखणं

गॉटमन यांनी नातं नासवणाऱ्या चार सवयी वेगळ्या काढल्या. मूळ इंग्रजी नावांपेक्षा त्या आपल्या घरात कशा दिसतात ते पाहू.

स्वभावावर बोट ठेवणं: कृतीबद्दल तक्रार न करता "तू आहेसच तसा" म्हणणं. यावर उपाय वर आला आहे, ती तीन भागांची सुरुवात.

तुच्छता: चारांतली सर्वांत विषारी. नक्कल करून दाखवणं, डोळे फिरवणं, "वा, काय अक्कल!", "तुमच्याकडे असंच असतं म्हणा", जोडीदाराच्या शिक्षणावर, पगारावर, माहेरावर घसरणं. इथं मराठी घरांना खास सावध राहावं लागतं, कारण तिरकस बोलणं ही आपल्याकडे हुशारीची खूण मानली जाते. टोमणा ऐकून बाकीचे हसतात, त्यामुळे मारणाऱ्याला तो विनोदच वाटतो. कसोटी सोपी आहे: ज्याच्यावर मारला तो हसला का? तुच्छता भांडणाच्या वेळी दाबून थांबत नाही. समोरच्याबद्दल मनात साठलेल्या नकारातून ती येते, म्हणून उपायही एरवीच्या दिवसांत करावा लागतो. रोज एक नेमकी गोष्ट दखल घेऊन बोलून दाखवायची: "बाबांची औषधं तू आठवणीनं आणलीस." "छान आहेस" असलं ढोबळ कौतुक उपयोगी पडत नाही, ते खोटं वाटतं.

बचाव: "मीच एकटा करतो का?", "तू काय कमी आहेस?" यात प्रत्येक तक्रारीला उलट तक्रार मिळते. उतारा म्हणजे तक्रारीतला निदान दहा टक्के भाग मान्य करणं. "फोन करायला हवा होता, बरोबर आहे." एवढं वाक्य आधी, मग खुलासा. क्रम उलटा झाला तर मान्य केलेलं कुणाच्या कानातच शिरत नाही.

भिंत होणं: उत्तर नाही, मान खाली, नजर टीव्हीवर. आपल्याकडे गप्प बसण्याला 'समजूतदारपणा' म्हणायची पद्धत आहे, आणि मोठ्यांसमोर गप्प राहणं हे खरंच कधी कधी शहाणपणाचंही असतं. फरक एवढाच, की नंतर दोघंच असताना बोलणं होतं का. होत असेल तर काळजी नको.

भिंत होणाऱ्याला बहुधा समोरून रेटा लागलेला असतो. लॉस एंजलिसचे अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी या जोडीचा फार बारकाईनं अभ्यास केला आहे: एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो, तो सरतो म्हणून हा आणखी मागे लागतो. दोघांनाही वाटतं, सुरुवात दुसऱ्यानं केली. बदल ज्याला हवा असतो तो मागे लागतो. जे चाललंय ते ज्याला सोयीचं असतं तो टाळतो. म्हणून 'बायकाच कटकट करतात' या म्हणण्यात अर्धं उत्तर आहे. घरकामाच्या वाटणीत बदल कुणाला हवाय, हे विचारलं की उरलेलं अर्धं मिळतं.

चौथी पायरी: थांबायचं कसं

नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की कानावर पडलेलं नीट पोचत नाही. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज असतं, आणि ऐकून घेणं, विनोद करणं, समोरच्याच्या जागी जाऊन बघणं ही सगळी कामं बंद पडतात. प्रयोगशाळेत गॉटमन यांनी काही जोडप्यांचं बोलणं मधेच थांबवलं, यंत्र दुरुस्त करायचंय असं सांगितलं आणि सुमारे अर्धा तास त्यांना मासिकं चाळायला दिली. परत बोलायला बसले तेव्हा ठोके खाली आले होते आणि तीच माणसं त्याच विषयावर वेगळं बोलत होती.

घरी हे असं करा. मनगटावर किंवा मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. २५ किंवा जास्त भरले तर थांबायचं. (ठोके कमी ठेवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आकड्यावर विसंबू नका, कानशिलं तापणं, आवाज चढणं, हात थरथरणं या खुणा धरा.) थांबण्यासाठी एक शब्द आधीच, शांत असताना ठरवून ठेवा. 'टाइमप्लीज' हा लहानपणीचा शब्द पुष्कळांना चालतो, कारण तो उच्चारताना फार रागावता येत नाही. शब्द म्हणणारा त्याच दमात परतायची वेळ सांगतो: "टाइमप्लीज. साडेनऊला परत बसू." कमीत कमी २० मिनिटं, जास्तीत जास्त एक दिवस. परत विषय काढायची जबाबदारी ज्यानं थांबवलं त्याचीच.

या पायरीत तीन ठिकाणी घोळ होतो. एक, वेळ न सांगता उठून जाणं. मागे राहिलेल्याला ती सुटका दिसत नाही, टाकून जाणं दिसतं, आणि तो दारापाशी येऊन उभा राहतो. दोन, त्या वीस मिनिटांत बहिणीला किंवा मित्राला फोन लावणं, किंवा 'आता गेल्यावर हे ऐकवतो' अशी मनात तालीम करणं. ठोके तसेच राहतात, उलट वाढतात. कपडे वाळत घाला, आंघोळ करा, कुत्र्याला फिरवून आणा, कोडं सोडवा. भांडणाशी संबंध नसलेलं काहीही. तीन, परत न बसणं. दोनदा असं झालं की तो शब्द वापरायचा हक्क गेला असं समजा.

पाचवी पायरी: सात मिनिटं लिखाण

इतक्या स्वस्त उपायाला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० विवाहित जोडप्यांवरचा दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच समाधान थोडं थोडं घसरलं, जे सर्वसाधारणपणे होतंच. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटं लिहायला सांगितलं, म्हणजे वर्षात तीनदा, एकूण २१ मिनिटं. त्यांची घसरण थांबली. बाकीच्यांची चालू राहिली. भांडणं मात्र दोन्ही गटांत सारखीच झाली होती. लिहिणाऱ्यांना त्यांचा त्रास कमी झाला होता.

दोघांनी वेगवेगळं बसायचं आणि गेल्या काही महिन्यांतलं एक मोठं भांडण डोळ्यांसमोर आणायचं. मग तीन प्रश्न. सगळ्यांचं भलं व्हावं असं ज्याला वाटतं अशा तटस्थ तिऱ्हाइताला हे भांडण कसं दिसेल, आणि यातून निघालेलं चांगलं तो काय दाखवेल? भांडताना असा तिऱ्हाईत होणं मला कशामुळे जमत नाही? आणि पुढच्या चार महिन्यांत ते जमावं म्हणून मी काय करीन, त्यातून नात्याला काय मिळेल?

तिऱ्हाईत निवडताना आपल्या आईला किंवा जिवलग मित्राला निवडू नका, ते तटस्थ नसतात. गल्लीतले दोघांना मानणारे निवृत्त मास्तर चालतील. लिहिलेलं एकमेकांना दाखवायचं नाही. दाखवायचं ठरलं की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहितो, आणि सगळा खेळ बिघडतो. मोबाइलमध्ये चार-चार महिन्यांच्या तीन तारखांना गजर लावून ठेवा, नाहीतर दुसरी वेळ येतच नाही.

भांडण नसतानाचा वेळ

"हे बघ, काय पाऊस आलाय" असं कुणी म्हणालं की मान वर करून बघणं, निदान "हं" करणं. नवविवाहितांच्या अभ्यासात सहा वर्षांनी एकत्र राहिलेल्यांनी अशा बारीक हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, वेगळ्या झालेल्यांनी ३३ टक्के.

चांगल्या बातमीचंही तसंच. शेली गेबल यांच्या अभ्यासांत जोडीदाराच्या आनंदात सामील होणं नात्याशी घट्ट जोडलेलं आढळतं. "मला टीम लीड केलं" यावर "अरे वा, छान" म्हणून फोनकडे वळणं हे, "म्हणजे आता घरी यायला दहा वाजणार" म्हणण्याइतकंच महागात पडतं. दोन प्रश्न विचारा: कुणी सांगितलं, तुला कसं वाटलं? एक मिनिटाचं काम आहे.

या आकड्यांबाबत एक इशारा. भांडणातल्या प्रत्येक कडू क्षणामागे पाच गोड क्षण हवेत, हे पाचास एकचं प्रमाण सगळीकडे ऐकू येतं. ते प्रयोगशाळेत मोजलेलं वर्णन आहे, घरी वही घेऊन गोड शब्द मोजायचे नसतात. घटस्फोटाचं भाकीत ९० टक्के अचूक करता येतं हा दावाही जपून घ्यावा: ज्या जोडप्यांवरून सूत्र काढलं त्यांच्यावरच ते तपासलं की अचूकता फुगते, हे रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ मध्येच दाखवून दिलं. म्हणून आपल्या घरात चारही सवयी दिसल्या तरी त्याचा अर्थ संसार मोडणार असा होत नाही.

समुपदेशकाकडे कधी आणि कुणाकडे

वरचं सगळं दोन-तीन महिने मनापासून करूनही गाडी हलत नसेल, बोलणंच बंद झालं असेल, तुच्छता रोजची झाली असेल, विश्वासघात झाला असेल किंवा मूल होणं, लैंगिक संबंध यांसारखा विषय घरी उघडताच येत नसेल, तर तिसरं माणूस लागतं. लोक त्रास सुरू झाल्यावर सरासरी सहा वर्षं थांबतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं; विल्यम डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ती सरासरी २.६८ वर्षं निघाली. तीही कमी नाही.

आपल्याकडे आधी बैठक बसते: काका, मामा, लग्न जमवणारे मध्यस्थ. बैठकीचं काम निवाडा करायचं, आणि निवाड्यात एकजण हरतो. समुपदेशन ही निराळी गोष्ट आहे, हे दोघांनीही समजून जावं, नाहीतर पहिल्या भेटीत दोघंही साक्षीपुरावे घेऊन येतात.

'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावू शकतं असा अनुभव येतो, म्हणून फोनवरच विचारा. शिक्षण काय? 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? हे विचारायचंच, कारण एकेकट्याशी उत्तम काम करणारे लोक जोडप्यासमोर गडबडतात. भांडण खोलीतच पेटलं की ते नुसते ऐकत बसतात. कुठली पद्धत वापरता? भावनाकेंद्रित, वर्तनात्मक, गॉटमन पद्धत, यांपैकी काहीही चालेल, पण "असं काही नाही, अनुभवावरून सांगतो" हे उत्तर चालणार नाही. आणि एकट्यात सांगितलेलं गुपित दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का? याचं उत्तर पहिल्याच भेटीत दोघांसमोर मिळायला हवं.

चांगल्या कामाचा आराखडा साधारण असा असतो: पहिली भेट दोघांची, मग प्रत्येकाशी एकेक स्वतंत्र, चौथ्या भेटीत समुपदेशक आपल्याला काय दिसलं ते दोघांना सांगतो, आणि पुढं आठवड्याला तासाभराच्या भेटी. स्वतंत्र भेटीत हिंसेबद्दल विचारलंच पाहिजे. विचारलं नाही तर ती मोठी चूक समजा. क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांच्या चाचणीत लॉस एंजलिस आणि सिएटलमधल्या, बऱ्याच काळापासून गंभीर त्रासात असलेल्या १३४ जोडप्यांना जास्तीत जास्त २६ भेटी मिळाल्या. पाच वर्षांनी जवळजवळ निम्म्यांची स्थिती ठळकपणे सुधारलेली होती, आणि साधारण चौथा हिस्सा वेगळा झाला होता. या आकड्यांवर अपेक्षा बेता. सहा-आठ भेटींनंतर काहीच हललं नसेल तर तसं तोंडावर सांगा. चांगला समुपदेशक त्यावर चिडत नाही.

कधी कधी एकालाच यायचं असतं, दुसऱ्याचं मन नात्यातून उठलेलं असतं. अशांना नेहमीच्या समुपदेशनात ओढत नेलं की दोन्हीकडचे पैसे वाया जातात. डोहर्टी यांनी मिनेसोटात याच जोडप्यांसाठी एक ते पाच भेटींची पद्धत बसवली: दुरुस्तीचा प्रयत्नच होत नाही, फक्त तीन वाटा समोर ठेवतात. आहे तसं चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने दोघांनी जीव ओतून प्रयत्न करायचा. बहुतेक वेळ प्रत्येकाशी स्वतंत्र जातो. या नावाची सेवा आपल्या शहरात नसली तरी समुपदेशकाला हे तीन पर्याय सांगून "आम्हाला आधी एवढंच ठरवायचंय" असं म्हणता येतं. दुसरा मुळीच येत नसेल तर एकट्यानं जावं. मागे लागणं आणि मागे सरणं या फेऱ्यातलं एक टोक हललं तरी फेरा तसाच फिरत नाही.

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यावरही बोलायची जागा उरते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. हिंदू विवाह कायद्यानुसार परस्परसंमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं. ते माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. तिथल्या समुपदेशकासमोर बसताना मुलांचं वेळापत्रक, शाळेची फी, घराच्या हप्त्याचा कागद आणि दोघांच्या पगाराच्या पावत्या बरोबर ठेवा. वेगळं व्हायचं पक्कं असलं तरी मुलं कुणाकडे कधी राहणार याची बोलणी तिथं बाहेरच्यापेक्षा कमी खर्चात होतात, आणि तिथंही सुरुवातीची चार वाक्यं कशी टाकता यावर बराचसा दिवस ठरतो.